कडेवर

ओजू पालथी झाली, तिचं नाक सतरंजीत गेलं आणि ती रडायला लागली. मी हातभर अंतरावर उभी होते. वाकायचं मनात आलं, तेवढ्यात बरगड्यांपासून मांडीच्या मध्यापर्यंत अंगात घातलेली मेखला ताठ झाली. कंबर हलेना.

"अगं, उचल की तिला!" आतून सासूबाईंचा आवाज आला.

"बसतेय, आई."

बसण्याची एक रीत होती. दोन्ही पावलं समांतर, दोन्ही गुडघे एकाच वेळी, पाठ सरळ, हळूहळू उकिडवं. मग ओजूला दोन्ही हातांनी ओढून मांडीवर घ्यायचं. मांडीवर घेऊन बसायला परवानगी होती. तिला घेऊन उठायला नव्हती. कडेवर घ्यायला तर मुळीच नव्हती. मी खाली पोचेपर्यंत ओजूला हुंदके लागले होते, आणि ती माझ्याकडे न बघता स्वयंपाकघराच्या दाराकडे बघून रडत होती.

सासूबाई काठी टेकत आल्या. गुडघ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांनाही तिला घेऊन उभं राहता येत नाही. त्या खुर्चीवर बसल्या, मी ओजूला त्यांच्या हातात सरकवलं आणि ती गप्प झाली.

"आई आहे का पुतळा आहे गं तुझी?" त्या तिच्या गालाला बोट लावत म्हणाल्या. गंमत होती. मीही हसले.

मेखला दिसायला अगदी साधी. राखाडी, जाळीदार, अंगासरशी बसणारं वस्त्र. वर कुर्ता घातला की कळतही नाही. अंघोळ तिच्यासकट करायची, ती अंगावरच वाळते. तिच्यात दोन जातींचे धागे आहेत, एक ऐकणारे, दुसरे आवळणारे. आपण हालचाल करायची ठरवली की मेंदूकडून वीज निघते, मज्जातंतूंतून स्नायूत येते, स्नायू विजेनं थरारतो आणि मग आखडतो. थरारणं आणि आखडणं यांच्यात एक फट असते, पापणी लवायलाही पुरणार नाही एवढी बारीक. मेखला त्या फटीत राहते. ऐकणारे धागे थरार ऐकतात, पुढे कुठली हालचाल येणार ते ओळखतात आणि ती धोक्याची वाटली तर आवळणारे धागे आधीच कडक होतात. म्हणून मेखलेनं आपल्याला अडवलं असं कधी वाटत नाही. वाटतं, आपणच थांबलो.

हे ओळखणं तिला शिकवलं योगशिक्षकांनी. मेखला बनवणाऱ्या कंपनीला माणसाच्या हालचाली हव्या होत्या, आणि प्रत्येक हालचालीचं नावही हवं होतं. आपण काय करतोय ते मोठ्यानं सांगत सांगत करणारे लोक जगात थोडेच. "उजवा पाय बाहेर वळवा, श्वास सोडत कमरेतून बाजूला झुका." हजारो वर्गांमधून शिक्षकांच्या अंगावर धागे चढले आणि मेखला आमचं बोलणं आणि आमचं अंग एकत्र वाचायला शिकली.

मी मिरजेत योगशिक्षकांना शिकवते. आसनं नाही, आसनांच्या आतलं. कुठला सांधा किती फिरतो, कुठे स्नायूचा ताण अडवतो आणि कुठे हाडाला हाड टेकतं, ताण असेल तर वाट बघायची, हाड टेकलं असेल तर हट्ट सोडायचा. मेखला मी नाइलाजानं घातली असंही नाही. बाळंतपणानंतर शिकवायला परत यायचं तर विम्याच्या नियमाप्रमाणे ती वर्षभर घालावी लागते, हे खरं. पण त्याआधीच मला ती हवी होती. ओजूच्या वेळी माझ्या पोटाच्या मधली उभी शिवण उसवली. पोटाचे दोन्हीकडचे स्नायू जिथे जुळतात तिथे चार बोटं आत जात होती. पुढे कटीची हाडं जुळतात तो सांधाही ढिला पडला होता. एकदा मी न्हाणीघरात पडले आणि उठताच येईना. माझ्या नवऱ्यानं, श्रेणिकनं, दार ढकललं तेव्हा मी ओल्या फरशीवर होते आणि बाहेर ओजू रडत होती. त्याचा त्या वेळचा चेहरा मी विसरलेले नाही. मेखला आली आणि आठवड्याभरात मी चालायला लागले. तिचे उपकार आहेत माझ्यावर.

ती मुदतीआधी उतरवायची तर घरातल्या नोंदवलेल्या माणसाचा अंगठा लागतो. बाळंतिणीची मनःस्थिती स्थिर नसते, असं कंपनीचं म्हणणं. आमच्याकडे नोंद श्रेणिकची होती. आणि एकदा उतरवली की उतरवली, पुढचं वर्षभर शिकवण्याचा परवाना नाही.

* * *

ओजू पाच महिन्यांची झाली तेव्हा लंगोट बदलताना मला तिची डावी मांडी उजवीइतकी फाकत नाही असं वाटलं. श्रेणिक म्हणाला, "तुला सगळ्यांचे सांधेच दिसतात." तरी आम्ही गेलो.

डॉ. इनामदार बाईंनी तिचे दोन्ही गुडघे मुठीत धरले, पाय हळूच बाहेर वळवले, मग सोनोग्राफी केली. पडद्यावर एक पांढरी वाटी आणि तिच्यात करडा गोळा.

"निखळलेला नाहीये, पण वाटी उथळ आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही हेच शिकवता ना? मग तुम्हाला काय सांगायचं. या वयात वाटी अजून कूर्चेची असते. गोळा तिच्यात जसा बसेल तशी ती घडते. पाय फाकलेले राहिले तर गोळा आत खोल बसतो आणि वाटी त्याच्याभोवती वाढते. पाय जुळलेले राहिले तर तो कडेला घसरतो."

"मग आता पाय फाकवून ठेवणारा पट्टा?" श्रेणिकनं विचारलं.

"लगेच नको. आपल्याकडच्या बायका पिढ्यान् पिढ्या करतात तेच करा. कडेवर घ्या. दिवसभर, घरात वावरताना, जमेल तेवढं. मूल कडेवर बसतं तेव्हा दोन्ही मांड्या जशा हव्यात तशाच फाकतात. दीड महिन्यानं परत बघू. फरक नाही पडला तर मात्र प्लास्टर, कंबरेपासून दोन्ही पायांना. ती रांगायच्या वयात येईल तेव्हा."

श्रेणिक माझ्याकडे बघत होता.

परतताना गाडीत मी म्हटलं, "उतरवू या."

"सकाळ-संध्याकाळ मी घेईन तिला. झोळी बांधून घेईन."

"आणि तू दिवसभर कुपवाडला कारखान्यात असतोस त्याचं काय?"

"बाई ठेवू."

"आधी ठेवली होती. कोमट पाणी दिलं तरी ओजू ओरडत होती तिच्याकडे. दोन दिवसांत तीच पळाली."

"प्रणिता," तो म्हणाला. पुढचा सिग्नल हिरवा झाला तरी त्यानं गाडी काढली नाही, मागून हॉर्न वाजायला लागले. "तू फरशीवर होतीस. मी तुला उचलायला गेलो तेव्हा तू किंचाळलीस. मला परत ते नाही बघायचं. तिच्या पायाचं मी करतो काहीतरी, पण तू पडायचं नाही."

मेखलेसारखा तोही मला धरूनच बसला होता.

मी कंपनीला फोन लावला. सखी नावाचा एक गोड आवाज आला. माणसाचा नव्हता, पण श्वास घेतल्यासारखा मध्ये मध्ये थांबायचा.

"ताई, कडेवर मूल घेताना कटी एका बाजूला सरकते आणि मणका दुसरीकडे वाकतो. आपल्या सध्याच्या स्थितीत हे योग्य नाही. समोरूनही इतकं वजन नको. बाळाला पाळणागाडीत ठेवून ढकलणं सुरक्षित आहे."

"पाळणागाडीत तिचे पाय जुळतात. तिला पाय फाकलेले हवेत."

"आपली काळजी समजू शकते, ताई. पण मेखला आपल्या शरीरासाठी आहे, बाळाच्या नाही."

खरं होतं ते. मी फोन ठेवला.

* * *

त्यानंतरच्या एका दुपारी मला खरी भीती वाटली.

ओजू झोपेतून उठून कण्हत होती. मी पलंगाच्या कडेला बसले होते. ती हात हवेत मारत होती, तोंड वाकडं करत होती आणि मी बघत होते. बऱ्याच वेळानं लक्षात आलं, की माझे हात मांडीवर आहेत. मेखला ताठ झालेली नव्हती. तिला ताठ व्हायची गरजच पडली नव्हती. पुढे जायचा थरारच उठला नव्हता माझ्यात.

शरीर शिकतं, हे मीच वर्गात सांगते. ज्या वाटेनं पुन:पुन्हा अडवलं जातं ती वाट ते सोडून देतं. पायाला प्लास्टर घातलेला माणूस प्लास्टर काढल्यावरही लंगडतो. मी शिकत होते. महिन्याभरात मी इतकी शहाणी होणार होते, की मुलगी रडली तरी माझ्या अंगात काही हलणार नाही, आणि मेखला हिरवा दिवा लावून म्हणणार, उत्तम प्रगती.

मी ओजूला मांडीवर ओढलं. ती माझ्या दंडाला चावली. दात नव्हते, नुसत्या हिरड्या. मला बरं वाटलं.

* * *

वर्ग आठवड्यातून चार दिवस, गणेश तलावाजवळच्या एका हॉलमध्ये भरायचा. शिकाऊ शिक्षिका सगळ्या. कोपऱ्यात स्टँडवर प्लास्टिकचा सांगाडा, त्याला आम्ही नाना म्हणतो. वर्गात मेखलेचं वेगळं वळण असे. आसनाचं नाव घेतलं की ती तेवढ्यापुरती वाट देई, कारण आसनं तिला पाठ होती. नाव घेतलं नाही तर भिंतीवरचा पंखा लावायलाही ती वाकडं होऊ देत नसे.

त्या दिवशी मी त्रिकोणासन शिकवत होते. उजवीकडे करून दाखवलं, नानांच्या खुब्यावर बोट ठेवून सांगितलं, की हात घोट्यापर्यंत पोचत नसेल तर ती आळशीपणाची खूण नव्हे, तुमची वाटी तेवढीच वळलेली असेल.

"म्हणजे माझं हाडच तसं," रुबिना मुल्ला म्हणाली. "घरी सांगते. सासू म्हणते, खाण्यामुळे."

"आता वर्ग कसा घ्यायचा ते लक्षात ठेवा," मी म्हटलं. "पहिली बाजू स्वतः करून दाखवायची. दुसऱ्या बाजूला तुम्ही करायचं नाही. उठायचं, फिरायचं, बघायचं. चला, आता दुसरी बाजू."

त्या डावीकडे झुकल्या. मी रांगांमधून निघाले. रुबिनाचा पाय चटईवर घसरला आणि ती माझ्या अंगावर आली. मी कंबर बाजूला काढली, तिच्या कमरेखाली माझी डावी कड लावली आणि तिचं सगळं वजन पेललं.

"या अल्ला, सॉरी मॅडम! लागलं?"

मी तशीच उभी राहिले. मेखला मऊ होती. जुन्या साडीसारखी मऊ.

"मॅडम?"

"हलू नकोस," मी म्हटलं. "थोडी टेकून राहा माझ्यावर."

मग मला उलगडत गेलं. जगातला प्रत्येक योगशिक्षक हेच करतो. पहिली बाजू दाखवतो आणि दुसऱ्या बाजूला उठून फिरतो. कुणाचा खांदा दाबतो, कुणाचा पाय उचलून धरतो, कुणाला कमरेनं टेकू देतो. मेखलेला शिकवणाऱ्या हजारो वर्गांत "दुसरी बाजू" या शब्दांनंतर शिक्षकाच्या अंगावर वेडंवाकडं ओझं आलं होतं आणि कुणाला काही झालं नव्हतं. तेव्हा ती हेच शिकली होती, की दुसऱ्या बाजूला वाकडं ओझं चालतं. आपण कुठल्या शब्दांवर डोळा झाकतो, हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी ओजूला पाळणागाडीतून वर्गात आणलं.

* * *

उजवीकडे वीरभद्रासन. "आता दुसरी बाजू." आणि मी कंबर काढून सुनंदाकाकूंच्या हातातून ओजूला घेतलं.

तिनं आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग खाली पाहिलं, मी तिला एवढ्या उंचावरून कधी काही दाखवलं नव्हतं. मग दोन्ही पायांनी माझी कंबर धरली, घोड्यावर बसल्यासारखी, आणि हातानं माझा कान ओढला. माझ्या डाव्या कटीच्या हाडावर तिचं बूड बरोबर बसलं. जणू ते हाड त्यासाठीच बाहेर आलेलं असतं.

थोड्या श्वासांनी कमरेत इशारा आला, मेखलेचे धागे हलकेच आवळायला लागले. मी तिला परत दिलं.

"परत पहिली बाजू घ्या की," सुनंदाकाकू म्हणाल्या. त्या पोस्टातून निवृत्त होऊन योग शिकायला आलेल्या. "आम्हाला तरी कुठे समजलंय?"

त्या सगळ्यांना कळलं होतं. त्यानंतर आमच्या वर्गात पहिली बाजू झटकन संपायची आणि दुसरी बाजू रेंगाळायची. मी विसरले तर रुबिना मागून ओरडायची, "मॅडम, दुसरी बाजू राहिली!" घरीही मी तेच करायला लागले. ओट्यापाशी उजवा पाय पुढे टाकून आसनाचं नाव घ्यायचं, हात पसरायचे, मग मोठ्यानं दुसरी बाजू म्हणायचं आणि ओजूला कडेवर घेऊन भाजी हलवायची. इशारा आला की ती खाली, पुन्हा पाय पुढे.

"स्वयंपाकघरात कसली गं ही कवायत?" सासूबाई म्हणाल्या. "आमटीला फोडणी दे म्हटलं, तर ही हात पसरून उभी."

"व्यायाम आहे, आई."

"करपला तुझा व्यायाम."

त्यांनी बघितलं होतं. पण नंतर मी आसन करत असले की त्याच ओजूला पुढे करायच्या, आणि श्रेणिकसमोर अवाक्षर काढायच्या नाहीत. मी त्याला सांगितलं नाही. तो संध्याकाळी झोळी बांधून ओजूला गच्चीवर फिरवायचा आणि मला सांगायचा, "बघ, कसे पाय फाकतात." मी म्हणायची, "छान."

सुख होतं का ते? सुखच होतं, पण कैद्याला भेटीची वेळ मिळते तसं. तिला घेतलं की पहिल्या क्षणापासून मी इशाऱ्याची वाट बघायची. ओजूनं मान माझ्या खांद्यावर टाकली, की माझं अर्धं लक्ष कमरेत. रात्रीसुद्धा तोंडात तेच शब्द यायचे. कोणीतरी माझ्या अंगाची रोजची नोंद कुठेतरी बघत असणारच. एका बाईला दिवसातून इतक्या वेळा दुसरी बाजू कशाला लागते?

* * *

सोनोग्राफी बुधवारी होती. आदल्या दिवशी, मंगळवारी, वर्ग चालू असताना ते झालं.

ओजू कडेवर होती. मी फिरत फिरत नानांपाशी आले होते. एकाएकी मेखला गार पडली, तिचं काही नवं शिकणं झालं की ती अशी गार पडते, आणि मग आवळली. नेहमीसारखी नाही. नेहमी ती हालचाल अडवते. या वेळी मी हलतच नव्हते, तिनं मी होते तशीच मला धरलं. कंबर डावीकडे काढलेली, डाव्या पायावर भार, उजवा गुडघा किंचित वाकलेला. हात, मान मोकळे. बाकी मी खांब.

कुर्त्याच्या खिशातल्या फोनमधून सखी बोलली. "ताई, आपल्या सुरक्षेसाठी दुसऱ्या बाजूचं ज्ञान आता पूर्ण करण्यात आलं आहे. आपण सध्या असुरक्षित स्थितीत आहात. बाळ शेजारच्या व्यक्तीकडे द्या. मेखला लगेच मोकळी होईल."



"द्या मॅडम," रुबिना पुढे आली. हात पसरलेले. "द्या इकडे."

देणं सोपं होतं. दोन हात मोकळे होते माझे. दिलं की सुटका. आणि मग तिला परत कधी घ्यायचं? मुदत संपायला सहा महिने होते. तोवर तिची वाटी जशी घडायची तशी घडून गेलेली असणार, आणि माझे हात मांडीवर स्वस्थ पडायला शिकलेले असणार.

"नाही," मी म्हटलं. "श्रेणिकला फोन लाव."

"मॅडम, ते कुपवाडहून यायचे म्हणजे..."

"लाव गं."

सुनंदाकाकूंनी खुर्ची आणली, पण मला बसता येणार नव्हतं. मग त्यांनी ती माझ्या डाव्या हाताच्या कोपराखाली पाठीकडून लावली, म्हणजे हात तरी टेकेल. बायका माझ्याभोवती चटयांवर बसून राहिल्या. कुणी घरी गेलं नाही. सखी थोड्या थोड्या वेळानं तेच सांगत होती, तितक्याच गोडीनं.

"हिचं तोंड कसं बंद करायचं?" रुबिनानं विचारलं.

"होत नाही."

"आमच्या आत्याची बहीण दिसते."

हसले मी, पण हसूही पोटात अडकलं. पोट हलायला जागा नव्हती. डावा पाय आधी जड झाला, मग जळायला लागला, मग लागेनासा झाला. ओजू आधी नानांच्या बरगड्यांशी खेळली, मग कंटाळली, मग किरकिरली, आणि शेवटी माझ्या खांद्यावर गाल टेकवून झोपली. जागी असताना ती पायांनी मला धरून असे. झोपल्यावर पाय सुटले. वजन तेवढंच, पण झोपलेलं मूल आपल्याला काहीच मदत करत नाही. मी तिच्या बुडाखाली दोन्ही हात गुंफले.

श्रेणिक आला तो कारखान्याच्या निळ्या शर्टातच. दारातून त्यानं मला पाहिलं आणि थबकला. मग सरळ माझ्याकडे आला, हात पसरून.

"दे तिला."

"नाही."

"प्रणिता, वेड्यासारखं करू नकोस. दे आधी, मग बोलू."

"दिलं की बोलण्यासारखं काही उरत नाही. तू अंगठा लाव. उतरव ही."

तो माझ्या कमरेकडे बघत होता, त्या वाकड्या काढलेल्या कडेकडे. "कधीपासून घेतेस तिला अशी?"

"डॉक्टर म्हणाल्या त्याच्या पुढच्या आठवड्यापासून."

"मला सांगितलं नाहीस."

"तू घेऊ दिलं नसतंस."

त्याला लागलं ते. बायका चटयांकडे बघायला लागल्या. सखी म्हणाली, "ताई, बाळ शेजारच्या व्यक्तीकडे द्या."

"आणि पडलीस तर?" त्याचा आवाज खाली आला. "हिला घेऊन पडलीस तर? आतलं जुळलंय का नाही, कुणाला माहीत आहे? तुला तरी आहे का?"

"नाही," मी म्हटलं. "मला माहीत नाही. ही अंगावर असेपर्यंत मला कळणारच नाही. मी उभी आहे का हिनं उभं केलंय, ते मला सांगता येत नाही, श्रेणिक. मी भ्यायलेय. तुझ्यापेक्षा जास्त. तरी लाव."

"शिकवणं जाईल तुझं."

"जाऊ दे वर्षभर."

त्यानं ओजूच्या पाठीवर हात ठेवला. तिला उचलायला नाही, नुसता. त्याच्या तळव्याखाली तिचा श्वास वरखाली होत असणार. तिचा डावा पाय माझ्या पोटावर लोंबत होता, मांडी पूर्ण बाहेर फाकलेली. त्यानं त्या पायाकडे बघितलं. मग त्यानं माझ्या खिशातून फोन काढला. पडद्यावर काय काय आलं ते मी वाचलं नाही. त्यानं सगळं वाचलं, ओठ हलवत, शेवटपर्यंत. आणि अंगठा लावला.

मेखला एकदम सुटली नाही. वरून सुटत आली. आधी बरगड्या, मग पोट, मग कंबर. इतके महिने कुणीतरी धरून ठेवलेलं माझं पोट माझ्याकडे आलं, आणि ते ढिलं होतं, परकं होतं, कापत होतं. डाव्या पायात रक्त शिरलं तशा हजार सुया टोचल्या. ओजूचं सगळं वजन, झोपलेलं, बेफिकीर, माझ्या हाडावर उतरलं. मी डगमगले. रुबिना उठली. श्रेणिकचे दोन्ही तळवे माझ्या कमरेजवळ आले आणि वीतभर अंतरावर थांबले.

मी वाट बघत होते. कुठलाच इशारा येणार नव्हता. जे यायचं ते माझ्यातूनच यायचं होतं. कण्यालगत, खोल, काहीतरी उशिरानं जागं झालं, अडखळलं, पुन्हा आवळलं. अशक्त होतं, दुखत होतं, आणि माझं होतं.

"जमतंय?" श्रेणिकनं विचारलं.

"बोलू नकोस," मी म्हटलं. "चप्पल सरकव माझी इकडे. आणि दार उघड."